चौकोनातला मनसाराम

धानोऱ्याच्या पुढं जंगलात बोंडाळा म्हणून गाव आहे. तिथं मोहाचं झाड कोणाचं हे ठरवायची रीत अगदी सोपी. झाड जंगलातलं, जंगल सरकारचं, पण फूल बसणाऱ्याचं. होळी झाली की ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाला झाडून जाळायचा, जमीन अंगणासारखी लख्ख करायची आणि मोह गळू लागला की रोज पहाटे घरचं एक माणूस तिथं बसलेलं पाहिजे. एखाद्या पहाटे जागा रिकामी दिसली की जो पहिला येऊन टेकेल त्याचं झाड. यावर पंचायत बसत नाही आणि अपीलही होत नाही.

मनसारामचं झाड याच रीतीनं त्याच्या घरात आलं होतं. ते मूळचं मुखरूच्या बापाचं. मुखरूचा बाप एकदा शेजारगावी नाटक पाहायला गेला, नाटकातल्या राजाला फाशी होते की नाही हे पाहण्यासाठी शेवटपर्यंत थांबला, आणि परत येतो तर झाडाखाली मनसारामचा बाप बसलेला. राजा सुटला आणि झाड गेलं. तेव्हापासून मुखरूच्या घरात नाटकाचं नाव काढत नाहीत. मुखरू मनसारामचा चुलतभाऊ. गावात बिनझाडाचा तो एकटाच. मोसमात पहाटे तो एखादं दातवन चघळत मनसारामच्या झाडावरून एक चक्कर टाकायचा, नुसती विचारपूस करायला.

"भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"ताप-गीप?"

"नाई रे लेका. जा तू."

आणि नेमकं त्या साली, मोह ऐन भरात असताना, वरोऱ्याहून निरोप आला की दिव्यानीला मुलगी झाली. दिव्यानी ही मनसाराम आणि कमळाची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं सासरी. शनिवारी बारसं. आणि बारशाला पाळणा आईच्या माहेरून जातो, तो आजा-आजीनं जोडीनं बांधावा लागतो. एकट्या आजीनं बांधला तर पोर रडकी निघते, असं कमळाच्या आईनं कमळाला सांगितलं होतं आणि कमळानं ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

"अजी, आपल्या दोघाईलेबी जा लागते," कमळा म्हणाली.

"अन झाडाखाली कोन बसन? तुहा बाप?"

"माहा बाप असता तं बसला असता. तुमच्यासारखा झाडाले चिकटला नसता."

गावात ज्याला त्याला आपापलं झाड होतं, त्यामुळं दुसऱ्याच्या झाडाखाली बसायला मोकळा माणूस एकच होता, आणि तो रोज पहाटे तब्येत विचारून जात होता.

अशा अडचणीच्या वेळी गावात खानझोडे साहेब आले. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेत ते नवीन लागले होते आणि जंगलात कोणतं झाड किती आहे याचा अंदाज काढायला त्यांना पाठवलं होतं. त्यांच्यासोबत वनरक्षक लटारू. लटारूनं सकाळीच गावात येऊन सगळ्यांना पद्धत समजावली.

"सारं जंगल मोजत नाई बसाचं. सायेब डोये मिटून लाल खुटी खांद्यावरून मांगं फेकते. खुटी पडन तिथी पाच मीटरचा चौकोन आखाचा. चारी कोन्यावर खुट्या, भवताल पांढरी दोरी. त्याच्या आतलं मोजाचं अन त्यावरून साऱ्या जंगलाचा हिसाब लावाचा."

"मंग दोरी सोडून देता?" मनसारामनं विचारलं.

"सोडून कशी देईन? तो कायमचा चौकोन. पाऊस येईपर्यंत दर शनिवारी येऊन मोजनं आहे. तोपर्यंत आतलं बाहेर नाई अन बाहेरचं आत नाई. दोरीच्या आत कोनी पाय टाकला तं मी त्याची कुऱ्हाड जप्त करतो."

"कुऱ्हाड नसन त्याच्यापाशी तं?"

"अगुदर कुऱ्हाड देईन, मंग जप्त करीन."

मनसारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या झाडाभोवती अशी दोरी पडली तर मुखरू आत पाय टाकणार नाही. जिथं पाय टाकता येत नाही तिथं टेकता येत नाही, आणि जिथं टेकता येत नाही ते झाड जात नाही. वरोऱ्याला जाऊन बारसं करून आरामात परत यावं! त्यानं साहेबांना हात जोडून सांगितलं की आमच्या झाडाखालची जमीन फार सपाट आहे, दोरी मस्त बसेल.

खानझोडे साहेबांनी मान हलवली. "तसं चालत नाही काका. जागा मी निवडायची नाही, तुम्ही निवडायची नाही. कुणाच्याच मनात नसलेली जागा निघाली पाहिजे. तरच ते शास्त्र."

नियमानं वीस चौकोन हवे होते. पहिली खुंटी जिथं पडली तिथं मोह खाऊन तर्र झालेलं अस्वल होतं, आणि अस्वलानं खुंटी परत दिली नाही. दुसरी तलावात गेली. तिसरीपासून एकोणिसावीपर्यंतच्या जीपमध्येच राहिल्या, कारण जीपचं डिझेल संपत आलं होतं. शेवटी साहेब कंटाळून उभे होते तिथंच डोळे मिटून वळले आणि हातातली खुंटी जोरानं मागं फेकली. दुपारचं ऊन होतं. मनसाराम आपल्या झाडाखाली, उत्तरेकडं डोकं करून, निराश होऊन आडवा झाला होता. खुंटी त्याच्या पोटावर पडली.

मनसारामनं डोळे उघडले, खुंटी पाहिली, आणि पुढचा सगळा घोटाळा ज्यातून झाला ती गोष्ट केली. तो हललाच नाही. हललो आणि खुंटी घरंगळून पलीकडं गेली तर चौकोन पलीकडं जाईल, या धास्तीनं त्यानं श्वाससुद्धा वरवर घ्यायला सुरुवात केली. लटारूनं भोवताली दोरी बांधली. साहेब मोजायला लागले.

"मोह, मोठा, एक. तेंदू, झुडूप, चार. पळस, दोन. आणि हे?"

"हा मनसाराम सायेब."

"प्राणी नोंदवायचा तर हालचाल दिसली पाहिजे. मी मघापासून पाहतोय, हा हलत नाहीये."

"सायेब, तो तसा हलते. आज नाई हलून राह्यला."

"आजचं आज लिहायचं." साहेब प्रामाणिक माणूस होते. जे दिसतं ते लिहायचं, आवडतं ते लिहायचं नाही, असं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी वनस्पतींच्या खाली लिहिलं, मनसाराम, एक. मग मोठ्या झाडांचा नियम होता तसा टेप काढून छातीच्या उंचीवरचा घेर घेतला. मनसारामची छाती छातीच्याच उंचीवर होती, त्यामुळं शोधावी लागली नाही, नुसतं वाकावं लागलं. चौतीस इंच. त्याचं डोकं उत्तरेच्या दोरीला टेकलं होतं, पण तेही चालणार होतं. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेवरचं आत धरायचं, दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या कडेवरचं बाहेर, असा नियमच होता, म्हणजे कडेवर भांडण होत नाही.

खुंटी उचलली तसा मनसाराम उठून बसला आणि म्हणाला, "चाला, झालं. आता मी वरोऱ्याले जातो."

लटारूनं दोरीबाहेरून हात आडवा केला. "कुठी चालला? आतलं बाहेर नाई."

"अबे, मी मानूस आहो!"

"ते खरं आहे," साहेब ओशाळून म्हणाले, "पण नोंद झाली आहे, काका. आता तुम्ही गेलात तर मला वृक्षतोड दाखवावी लागेल. वृक्षतोड दाखवली की चौकोन रद्द. दोरी काढावी लागेल."

दोरी काढावी लागेल हे ऐकून रस्त्यावर उभा असलेला मुखरू हळूच दोन पावलं पुढं आला. मनसाराम परत खाली बसला.

संध्याकाळी कमळा शोधत आली. तिला आधी कळेना, मग कळलं, मग ती हसली, आणि हसणं संपल्यावर चिडली.

"बाप्पा! झाड राखता राखता झाडच झाले का तुमी?"

"हळू बोल वं. सायेब आयकन."

"आयकू द्या! सायेब, याइले भाकर तरी देऊ का नाई?"

साहेबांनी विचार केला. बाहेरून काही आत टाकता येत नव्हतं. पण लटारूनं सुचवलं की झाडाची मुळं दूरदूर गेलेली असतात, तिकडून जे वर येतं त्याला कोणी अडवत नाही. साहेबांना हे पटलं. मग कमळानं भाकर आणि अंबाडीची भाजी दोरीबाहेर ठेवायची आणि मनसारामनं हात लांब करून घ्यायची, असं ठरलं. सकाळचा लोटा घेऊन जायची सवलतही लटारूनं आपल्या अधिकारात दिली. तिला तो पानगळ म्हणायचा. पाणी मात्र साहेबांनी जपून द्यायला सांगितलं, नैसर्गिक वाढ पाहायची होती.

गावाला या प्रकाराची गंमत वाटली ती पहिल्या दिवशीच. नंतर लोक सवयीनं वाटेत थांबून मनसारामच्या सावलीला बसल्यासारखे दोरीशी बसायचे आणि त्याच्याशी बोलायच्याऐवजी त्याच्याबद्दल बोलायचे. "औंदा बरा दिसते." "हो, मुंगी नाई लागली."

पण शनिवार जवळ येत होता. कमळानं साहेबांना गाठलं.

"सायेब, याइच्या जागी मी बसतो. याइले जाऊ द्या."

साहेबांनी टेप काढला. कमळाचा घेर अठ्ठावीस भरला. "बाई, एवढी घट दाखवली तर वर विचारतील, कोणता रोग आला. संख्या तीच हवी, घेर तोच हवा. मग व्यक्ती कोणती याच्याशी शास्त्राला काही घेणं नाही."

"चौतीसचा मानूस आहे नं गावात," लटारू म्हणाला.

सगळ्यांनी मुखरूकडं पाहिलं. मुखरूनं आपण होऊन दोन्ही हात वर केले, म्हणजे टेप नीट बसावा. चौतीस. दोघांचे बाप सख्खे भाऊ, त्यात आश्चर्य नव्हतं. "भाऊ, तू बिनधास्त जा," मुखरू डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. "नातीचं तोंड पाह्य. मी बसतो ना तुह्या जागी. कितीबी दिवस."

"तुह्या बापानं नाटक पाह्यलं, तू आता माहं पाह्यतं का रे?" मनसाराम ओरडला. "जात नाई मी! कुठी जात नाई!"

कमळा घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळणा डोक्यावर घेऊन एस.टी.च्या रस्त्यानं निघाली. साग तासून मनसारामनं स्वतः केलेला, चारी पायांवर पोपट कोरलेला पाळणा. ती चौकोनाशेजारून गेली, पण वळली नाही. मनसारामनं हाक मारली. पाळण्यावरचे पोपटसुद्धा त्याच्याकडं पाठ करूनच गेले.

त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. मोह टपटप पडत होता. टोपली भरत होती. वर पाहिलं की झाड, खाली पाहिलं की झाडाची सावली, आणि मधे आपण, चौतीस इंच. आयुष्यभर ज्यावर नजर ठेवली ते झाड आता त्याच्यावर नजर ठेवून असल्यासारखं वाटायला लागलं. नात गोरी आहे की सावळी हेसुद्धा निरोप आणणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं होतं, कारण त्या वेळी तो मुखरू कुठं आहे ते पाहत होता.

शनिवारी फटफटताना साहेब दुसऱ्या मोजणीसाठी टेप घेऊन आले. मुखरू आलेलाच होता. मनसाराम उठला, धोतर झटकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मुखरू, बस लेका. सोडलं म्या. झाड तुहं. पयली गाडी भेटली तं दुपारच्याले मूल गावापर्यंत पोचतो, मंग पुढचं पुढं."

मुखरूनं घाईनं पाय उचलला.

"थांबा!" साहेब ओरडले. "एक आधी बाहेर गेला तर शून्य होईल, एक आधी आत आला तर दोन होतील. दोन्ही चालणार नाही. एकदम हला. मी सांगतो तसं."

मनसारामनं उत्तरेच्या दोरीवर एक पाय ठेवला. मुखरूनं पूर्वेच्या दोरीवर एक पाय ठेवला. साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागले. उत्तरेचा पाय अजून आत धरायचा होता. पूर्वेचा अजून बाहेर. मग यातला अर्धा अर्धा कधी होतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"सायेब, लवकर सांगा," मुखरू एका पायावर डुलत म्हणाला. "मले उभं राहवत नाई."

तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. वरोऱ्याहून रातोरात निघालेली एक कमांडर जीप धूळ उडवत आली. पुढं कमळा, तिच्या मांडीवर पाळणा. मागं बाळाला घेऊन दिव्यानी, तिची सासू, नणंद, आणि जिनिंगमध्ये मुकादम असलेले व्याही सोमाजीभाऊ, जे एकटेच दोघांच्या जागेत बसले होते. कमळा उतरली आणि कोणाकडं न पाहता म्हणाली, "पाळना आजा-आजीनं जोडीनं बांधाचा असते. आजा निंगत नाई, तं नातच आनली. धरा तिकडून दोरी."

मनसारामनं उत्तरेचा पाय आत घेतला आणि हात वर केले. कमळानं दोरीबाहेरून फांदीवर दोर टाकला, त्यानं आतून ओढला. पाळणा मोहाच्या खालच्या फांदीला, चौकोनाच्या बरोबर मधोमध लटकला. दिव्यानीनं पाळणा दोरीपर्यंत ओढून मुलीला त्यात ठेवलं. मनसारामनं वाकून पाहिलं. सावळी होती. त्याला फार बरं वाटलं. तिनं जांभई दिली आणि एक मोहाचं फूल टप्पदिशी तिच्या दुपट्यावर पडलं.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. चौकोनाच्या वर जे लटकतं तेही चौकोनातच धरायचं असतं. त्यांनी टेप पाळण्यात सोडला. "मनसाराम, मोठा, एक. मनसाराम, रोपटं, एक! उंची दीड फूट!" ते लटारूकडं वळले. "लटारू, ही नैसर्गिक पुनरुत्पत्ती आहे. एका आठवड्यात!"

"अन मी?" मुखरूनं विचारलं. त्याचा पाय अजून पूर्वेच्या दोरीवर होता.

"पूर्वेची कड धरत नाही."

बारसं तिथंच झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, रोशनी. घुगऱ्या वाटल्या. सगळं आटोपल्यावर विहीणबाई पाळणा ओढून मुलीला घ्यायला वाकल्या तर लटारूनं हात आडवा केला.

"घेता नाई येत बाई. नोंद झाली."

"म्हंजे? आमची पोरगी आहे ते!"

"पाऊस येईपर्यंत नाई."

विहीणबाई कमळाकडं वळल्या. कमळानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि फार दुःखी चेहऱ्यानं म्हणाली, "नियम आहे, विहीणबाई. आमच्या याइलेबी सोडत नाईत. दिव्यानीले तं रा लागनच मंग, पोरगी पेते ना." मनसारामनं लग्नापासून तिला इतकं दुःखी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं खूशही.

मुखरू मात्र एकाएकी हसायला लागला.

"भाऊनं तोंडानं सोडलं," तो म्हणाला. "साऱ्यायनं आयकलं. मी टेकलो नाई, कबूल. मंग भाऊनं सोडल्यावर पयले टेकली कोन?"

लटारूनं विचार करून पाळण्याकडं बोट केलं.

"अन पोरगी कोनाची? वरोऱ्याची! आडनाव वरोऱ्याचं. गेलं झाड वरोऱ्याले! आमच्या बापानं निदान राजा सुटलेला तरी पाह्यला होता."

रीत ती रीत. सोमाजीभाऊ मान वर करून झाडाकडं पाहायला लागले, माणूस आपल्या घराच्या छताकडं पाहतो तसं. मनसारामनं कमळाकडं पाहिलं.

"बराबर आहे," कमळा शांतपणे म्हणाली. "झाड तिचं. मंग आता दर साली होळी झाली का तिले इथी आना लागन, विहीणबाई. एखाद्या पहाटे जागा रिकामी दिसली तं मुखरूभाऊ बसलेच समजा."

सोमाजीभाऊंनी झाडावरची नजर काढली नाही. "आनू," ते म्हणाले. "आनू नाई तं काय. आपलं झाड आहे."

त्या साली खानझोडे साहेबांनी अहवाल पाठवला. बाकीच्या चौकोनांचं अस्वलानं आणि डिझेलनं काय केलं ते त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. उरलेल्या एका चौकोनावरून हेक्टराला चारशे, आणि तीनशे हेक्टरच्या जंगलात एक लाख वीस हजार मोठे मनसाराम आणि तितकीच रोपटी, असा हिशेब निघाला. वरून शेरा आला की प्रजाती विपुल आहे, संरक्षणाची गरज नाही. लटारूनं तो वाचून दाखवला तेव्हा मनसारामला थोडं वाईट वाटलं.

पुढच्या साली होळीच्या दुसऱ्या दिवशी जीप आली. रोशनी आता चालायला लागली होती, पण पहाटे उठायची नाही. पहाटेच्या गार वाऱ्यात पाळणा फांदीला बांधलेला, खाली पाला जाळून लख्ख केलेली जमीन आणि शेजारी घोंगडी पांघरून मनसाराम. दातवन चघळत मुखरू आला.

"काय भाऊ? आज कोनाच्या झाडाखाली बसला?"

मनसारामनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल लेका. मालकीन झोपली आहे."